पोटाखालची जमीन

दोन पायांवर उभ्या राहणाऱ्या, आणि त्यातही पायांत चपला घालून वावरणाऱ्या माणसाचा भूमीशी संबंध येतो तो तळपायांपुरता. साप, घोरपड, कासव यांचा मात्र सारा जन्म भूमीला धरून जातो, आणि ऊब, वाट, आसरा, भक्ष्य, किंबहुना जगाविषयीचे पुष्कळसे ज्ञान त्यांना पोटाखालच्या जमिनीतूनच मिळते. म्हणून एखादा गृहस्थ असा प्राणी हौसेने घरी आणतो, सुताराकडून त्याच्यासाठी प्लायवुडची वा काचेची पेटी करवून घेतो आणि पेटीच्या तळाशी काय घालावे या प्रश्नापाशी येऊन अडतो, तेव्हा तो प्रश्न वरकरणी सुताराचा किंवा दुकानदाराचा वाटला तरी त्याच्या मुळाशी धर्माचा प्रश्न आहे, असे माझे मत आहे. एका जीवाची जमीन काढून घेऊन तिच्या ऐवजी दुसरी देण्याचा अधिकार आपण कोणत्या सनदेने हाती घेतला, आणि घेतलाच असेल तर त्या जीवाचे आपण काय देणे लागतो, हे ठरवल्यावाचून फरशी की माती याचा निवाडा होणे नाही.

मला हा प्रश्न विचारला तो सदाशिव पेठेत एका जुन्या वाड्याच्या जागी उठलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या एका तरुण शेजाऱ्याने. या छंदातील मंडळी ज्याला बॉल पायथन म्हणतात, तो पश्चिम आफ्रिकेतील आखूड, जाड अंगाचा अजगर त्याने बाळगला आहे, आणि परदेशी जातींच्या प्राण्यांच्या नोंदणीचे जे नियम केंद्र सरकारने २०२४ साली जारी केले त्यांनुसार त्याची रीतसर नोंदही केली आहे. "काका, खाली टाइल घालू की कोकोपीट? टाइल पुसायला सोपी पडते," एवढेच तो म्हणाला. टाइल पुसणार तो, आणि तिच्यावर आयुष्य काढणार दुसराच कोणी, ही गोष्ट त्या वाक्यात कोठे आली नव्हती, आणि माझा सारा विचार तेथून सुरू झाला.

आपल्या धर्मात भूमीचा विचार किती बारकाईने केलेला आहे, याची आठवण येथे देणे अप्रस्तुत होणार नाही. सकाळी अंथरुणातून उठून पाऊल खाली टेकवण्यापूर्वी त्या पदस्पर्शाबद्दल पृथ्वीची क्षमा मागण्याची चाल अजूनही कित्येक घरांत आहे. घर बांधण्याआधी भूमिपूजन होते, बांधून झाल्यावर वास्तुशांत होते आणि वास्तुपुरुषाची प्रतिमा घराच्या जमिनीतच पुरली जाते. नित्याच्या पंचमहायज्ञांतील भूतयज्ञात मुंग्याकिड्यांपर्यंतच्या जीवांसाठी अन्न ठेवावयाचे ते जमिनीवर, आणि तेही हलक्या हाताने, असे मनुस्मृती सांगते. श्रावणातील नागपंचमीला तर नांगर धरू नये, खणू नये, घरात काही चिरू नये, असा निर्बंध आहे; आणि त्या दिवशीच्या कहाणीत शेतकऱ्याच्या नांगराने वारुळातील नागिणीची पिल्ले मरतात व तेथून सारा अनर्थ ओढवतो, म्हणजे अपराध घडतो तोही जमीन उकरल्याने. देवळात जावे तर सभामंडपाच्या फरशीत गाभाऱ्यासमोर दगडी कासव बसवलेले असते, आणि जेजुरीच्या गडावर खंडोबासमोरचे भले मोठे पितळी कासव तर भंडाऱ्याने पिवळे होऊन गेलेले सर्वांनी पाहिले आहे. समुद्रमंथनात मंदार पर्वत तळाशी आधार नसल्यामुळे बुडू लागला तेव्हा भगवंतांनी कूर्मरूप घेऊन त्याला पाठ दिली, ही पुराणकथा तर आपल्याला बाळपणापासून ठाऊक आहे. ज्या परंपरेने कासवाला साऱ्या पर्वताचा तळ मानले, त्या परंपरेतल्या माणसाने घरच्या कासवाला कोणता तळ द्यावा, याविषयी मात्र आपल्या मनात सहसा प्रश्नच उठत नाही.

तो उठावा यासाठी सापाला जमीन म्हणजे काय असते ते थोडे खोलात जाऊन पाहिले पाहिजे. साप पुढे सरकतो तो दगड, मुळ्या, मातीची ढेकळे अशा उंचवट्यांना अंगाच्या बाजूने रेटा देत देत. तळ गुळगुळीत असेल तर रेटा देण्याला काही उरत नाही, आणि चपळ साप काचेवर जागच्या जागी वळवळताना दिसतो. त्याला बाहेरचा कान नाही, कानाचा पडदाही नाही. पण खालचा जबडा जमिनीला टेकला असता जमिनीतील कंप जबड्यातून एका हाडाकडे, तेथून दुसऱ्या बारीक हाडाकडे आणि तेथून आतल्या कानापर्यंत पोहोचतात, म्हणून पावलाची चाहूल त्याला जमीनच देते. हवेतून येणारे खालच्या पट्टीतले आवाजही त्याला काही अंशी कळतात. परंतु त्याच्या श्रवणाचा मुख्य आधार भूमी हाच. दुभंगलेली जीभ तो पुनःपुन्हा बाहेर काढून जमिनीलगतचे गंधकण टिपतो आणि टाळूतील इंद्रियाकडे पोहोचवतो. स्वतःच्या रक्ताची ऊब त्याला स्वतः निर्माण करता येत नसल्याने ती बाहेरून घ्यावी लागते. खाल्लेले पचवण्याइतकी ऊब मिळाली नाही तर गिळलेले भक्ष्य तो टाकून देतो. आणि हा बॉल पायथन तर मूळचा बिळांतला आणि वाळवीच्या वारुळांतला रहिवासी, म्हणजे आपल्या नागाचाच आफ्रिकेतला बिऱ्हाडकरू. दिवसभर अंधाऱ्या, दमट पोकळीत अंग मुडपून पडावे आणि रात्री बाहेर पडावे, हा त्याचा जीवनक्रम. अशा जीवाला पांढऱ्याशुभ्र, थंड, तुळतुळीत टाइलवर ठेवणे म्हणजे त्याची वाट, त्याचे कान, त्याची चूल आणि त्याचे घर ही चारही एका कृतीने काढून घेणे होय. गणेशोत्सवात ढोलताशांची पथके रस्त्यावरून जाऊ लागली म्हणजे पेठांतल्या घरांच्या तावदानांना जो कंप सुटतो तो माणूस खिडकी लावून टाळू पाहतो. पण पेटीच्या तळातून थेट जबड्याला भिडणारा कंप सापाने कशाने टाळावा? त्या दिवसांत पेटीखाली जाड रबराची गादी घालावी, असे मी त्या तरुणाला सुचवले, आणि ते त्याला पटले.

येथे नीतिशास्त्रातील एक मोठा प्रश्न पुढे येतो. दुसऱ्याशी कसे वागावे याची कसोटी म्हणून गीतेच्या सहाव्या अध्यायात आत्मौपम्य सांगितले आहे: सुखदुःख स्वतःच्या ठिकाणी जसे तसेच सर्वांच्या ठिकाणी पाहणे. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली पुण्यात प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात लोकमान्यांनी या आत्मौपम्यदृष्टीचा सविस्तर ऊहापोह केला असून, सर्वांभूती आत्मा एकच असल्यामुळे हा नियम केवळ सोयीचा किंवा दयाळूपणाचा न राहता त्याला युक्तिवादाचे अधिष्ठान मिळते, असे त्यांनी प्रतिपादले आहे. सिद्धान्त म्हणून मला हे पूर्ण मान्य आहे. परंतु सापाच्या पेटीपाशी बसून हा नियम वापरू लागले म्हणजे एक अडचण दिसते. मला स्वच्छ, कोरडी, लख्ख फरशी आवडते; म्हणून आत्मौपम्याने मी सापालाही तीच देतो, आणि त्याच्या देहाला ती दुःखाची होते. मला मोकळी, उजेडाची खोली आवडते. म्हणून त्याच्या पेटीतून लपण्याची जागा काढून टाकतो, आणि त्याला क्षणभर निर्धास्तपणा राहत नाही. आत्मा एक असला तरी देह एक नाहीत, इंद्रिये एक नाहीत, आणि सुखदुःख आपल्याकडे येते ते देहेंद्रियांच्याच दारातून. तेव्हा स्वतःच्या आवडीनिवडी दुसऱ्याच्या देहावर लादणे म्हणजे आत्मौपम्य असे समजणे ही त्या थोर विचाराची विटंबना आहे. स्वतःवरून घ्यावयाचे ते एवढेच की जसे मला दुःख नको तसे त्यालाही नको. दुःख कशाने होते हे मात्र त्याच्यावरूनच शिकले पाहिजे. जैनांच्या दशवैकालिक सूत्रात ज्ञानाला पहिले आणि दयेला दुसरे स्थान दिले आहे, त्याचे मर्म मला या संदर्भात विशेष जाणवते. नागपंचमीला नागाला दूध पाजणाऱ्यांची भक्ती खोटी असते असे कोण म्हणेल? पण साप हा दूध पिणारा प्राणीच नव्हे, गारुड्याने उपाशी आणि तहानलेला ठेवलेला साप ते नाइलाजाने गिळतो आणि पुष्कळदा त्यातच मरतो. ज्ञानावाचूनची दया ही अशी हिंसेच्या पंक्तीला जाऊन बसते.

आता तळाच्या प्रत्यक्ष रचनेकडे वळू, कारण धर्मविचार हा शेवटी हाताने करावयाच्या कामात उतरला पाहिजे. सुतार फुकट देऊ करतो तो खोक्यांच्या देवदार किंवा चीड लाकडाचा भुसा, आणि त्याचा सुवास आपल्याला सुखावतो. पण तो सुवास ज्या तेलांचा असतो तीच तेले बंद पेटीत सापाच्या श्वासनलिकेला बाधतात, म्हणून ती देणगी साभार परत करावी. वाळू सरड्यांच्या पोटात घासाबरोबर जाऊन आतड्यात साचते. हिरवे कृत्रिम गवत पाहणाऱ्याच्या डोळ्यांना शोभिवंत, पण त्याचे सुटलेले धागे नखांत व बोटांत अडकतात. नुकत्याच आणलेल्या किंवा आजारी प्राण्यासाठी काही काळ वर्तमानपत्राचे कागद घालणे योग्य असते, कारण विष्ठा, रक्त, गोचीड त्यावर चटकन नजरेस येतात. कायमसाठी मात्र नारळाच्या सोडणाची माती, जिला रोपवाटिकांतून कोकोपीट म्हणतात, ती तीनचार बोटे जाड घालावी हे बरे. तिची वाळलेली वीट पाण्याच्या बादलीत सोडली म्हणजे ती हळूहळू फुगते, कडांपासून सुटते, आणि अर्ध्यापाऊण तासात बादलीभर तांबूस, मऊ, पावसाळी रानासारखा वास असलेला चुरा तयार होतो. तो मुठीत घेऊन दाबून पाहावा: मूठ उघडल्यावर गोळा टिकला पण बोटांमधून पाणी ठिबकले नाही, तर ओल बेताची. पुण्याच्या हवेत ही ओल सांभाळणे हेच मोठे काम आहे. चैत्र-वैशाखात दुपारची हवा इतकी कोरडी होते की पेटीतली माती दोन दिवसांत भुरभुरीत होते, आणि मग कात अखंड न निघता तुकड्यातुकड्यांनी निघते, डोळ्यांवरची झापड तशीच चिकटून राहते. उलट आषाढात तीच माती आंबते, बुरशी धरते, आणि सतत ओल्या तळावर पडून पोटाचे खवले कुजू लागतात. म्हणजे तळ एकदा घातला आणि काम संपले असे होत नाही. ऋतूप्रमाणे त्याची देखभाल करावी लागते, आणि रोज सकाळी त्यात बोट खुपसून पाहावे लागते. पूजेतल्या नित्यकर्माला जी नियमितता लागते तीच येथे लागते, असे मी म्हणालो तर कोणी ते अतिशयोक्त मानू नये.

एका गोष्टीवर मात्र मला अधिक थांबावेसे वाटते. थंडीत पुण्याची रात्र दहाबारा अंशांपर्यंत उतरते, म्हणून पेटीच्या तळाखाली विजेची तापणारी चटई घालण्याचा प्रघात आहे, आणि तापमान आवरणाऱ्या यंत्राशिवाय ती वापरली तर सापाचे पोट भाजते. पोटाला चटका बसत असतानाही साप पुष्कळदा तेथून हलत नाही. तो का हलत नाही, याचा विचार करता असे दिसते की निसर्गात उष्णता येते ती वरून, सूर्यापासून. कोट्यवधी वर्षे या जीवांच्या पिढ्यांनी एकच धडा गिरवला: ऊन असह्य झाले की खाली जावे, मातीत शिरावे, तेथे गारवा आहे. आपण तळाखाली आग लावतो तेव्हा ही दिशाच उलटी होते. उकाड्यापासून सुटण्यासाठी तो खाली उकरतो, आणि प्रत्येक वितीगणिक आगीच्या जवळ जातो. ज्या भूमीला साऱ्या परंपरेने माता मानले, जिच्या पोटात शिरणे हाच या जीवाचा शेवटचा आसरा, तिलाच आपण त्याच्या अहिताची केले. चटई वापरूच नये असा माझा आग्रह नाही. पण ती पेटीच्या एका बाजूला, नियंत्रक लावून, तळाच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा अधिक जागा न व्यापता असावी आणि दुसरी बाजू खात्रीने गार असावी, एवढा बंदोबस्त केल्याशिवाय तिचे बटण दाबण्याची मुभा कोणाला नसावी.

कासवाची गोष्ट याहून नाजूक आहे. पाठीवर पिवळ्या ताऱ्यांची नक्षी असलेले तारांकित कासव आपल्या देशाच्या वायव्येकडील व आग्नेयेकडील कोरड्या झुडपी रानांतले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये ते घरी बाळगणे हा गुन्हा आहे, आणि २०१९ साली आंतरराष्ट्रीय व्यापारावरील करारातही त्याला सर्वोच्च संरक्षणाच्या परिशिष्टात घातले गेले. तरी घरात कासव असले म्हणजे लक्ष्मी नांदते या समजुतीने ते चोरून विकले आणि विकत घेतले जाते, आणि मार्बलच्या जमिनीवर सोडले जाते. कासवाची ढाल म्हणजे वरून घातलेले चिलखत नव्हे. त्याच्या फासळ्या आणि पाठीचा कणा तिच्यातच एकजीव झालेले असतात आणि तिला स्पर्श कळतो. गुळगुळीत जमिनीवर त्याचे पाय चारी दिशांना फाकतात, नखे रुतायला काही नसते. पण खरा अनर्थ मादीच्या वाट्याला येतो. अंडी घालण्याची वेळ आली म्हणजे ती जागा शोधू लागते, जमीन हुंगते, स्वतःच्या मूत्राने माती मऊ करते आणि मागच्या पायांनी, न पाहता, आळीपाळीने एकेक पाऊलभर माती उकरून बाहेर टाकते. खड्डा मनासारखा झाला तरच त्यात अंडी घालते आणि पुन्हा माती ओढून वरून दाबून टाकते. कासवांच्या पुष्कळ जातींत त्या मातीच्या उष्णतेवरूनच आतली संतती नर होणार की मादी हे ठरते. अशी मादी फरशीवर ठेवली म्हणजे ती कोपऱ्याकोपऱ्यांतून हिंडते, पायांनी दगड खरवडते, आणि माती सापडत नाही म्हणून अंडी पोटातच धरून ठेवते. कधी कधी त्यातच तिचा अंत होतो. लक्ष्मी नांदावी म्हणून आणलेल्या जीवाला प्रसूतीपुरती वीतभर माती मिळू नये, याहून दारुण विपर्यास मला सुचत नाही.

आणि तो विपर्यास आपल्याला दिसत नाही, कारण हे जीव मूक आहेत. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात, कासव जसे आपले अवयव आत ओढून घेते तसा स्थितप्रज्ञ विषयांपासून इंद्रिये आवरतो, असा दृष्टान्त आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्या आपण शांतीचे चिन्ह म्हणून त्याकडे पाहत आलो. घरच्या कासवाने मान आत घेतली म्हणजे आपण समाधानाने म्हणतो, "कसे शांत बसले आहे!" परंतु स्वेच्छेने आवरलेले इंद्रिय आणि भीतीने आखडलेले इंद्रिय बाहेरून सारखेच दिसते, एकाला योग म्हणतात, दुसऱ्याला त्रास. कुत्रा विव्हळतो, पोपट ओरडतो, गाय हंबरते. साप आणि कासव यांना गाऱ्हाणे मांडण्याला आवाज नाही, चेहऱ्यावर आठी नाही. पारदर्शक भिंतीला नाक घासून घासून आलेली जखम, दिवसेंदिवस न खाणे, एकाच कोपऱ्यात वेटोळे घट्ट करून बसणे, एवढाच काय तो त्यांचा तक्रारअर्ज. आणि तो वाचणारा, त्यावर निर्णय देणारा आणि ज्याच्याविरुद्ध तो आहे तो प्रतिवादी, हे तिघेही एकच, म्हणजे पाळणारा गृहस्थ. अशा एकतर्फी दरबारात मौनाला संमती मानणे न्यायाला धरून नाही.

पुणे शहराला प्राणी बाळगण्याची परंपरा जुनी आहे. मराठी राज्याच्या अठरा कारखान्यांत शिकारखाना होता तसाच फरासखानाही होता, आणि पर्वतीच्या पायथ्याशी पेशव्यांनी वाघादी जनावरे बाळगली होती. फरासखान्याकडे बिछायती, जाजमे, डेरे यांचा इतमाम असे. माणसाने कशावर बसावे यासाठी एक स्वतंत्र खाते आपण चालवले, जनावराने कशावर बसावे याचा विचार करायला आपल्याला विसावे शतक उजाडावे लागले. १९५३ साली महापालिकेने पेशवे पार्क उघडले, आणि त्यातील पिंजरे पाहत आमच्या पिढ्या वाढल्या. पुढे नीलिमकुमार खैरे यांनी १९८० साली ७२ विषारी सापांच्या संगतीत एका बंदिस्त खोलीत ७२ तास काढले, आणि एकही दंश न होता ते बाहेर आले. सापाच्या आवारात माणूसच पाहुणा म्हणून राहिल्याचा हा प्रसंग मला विक्रमाहूनही त्यातील बोधासाठी महत्त्वाचा वाटतो. कारण तेथे सापांचा स्वभाव आधी जाणून त्याप्रमाणे माणसाने आपल्या हालचाली बेतल्या होत्या. १९८६ साली त्यांच्याच पुढाकाराने कात्रजला सर्पोद्यान उभे राहिले, १९९९ पासून तेथे तळ्याकाठच्या सुमारे १३० एकरांत राजीव गांधी प्राणिसंग्रहालय आहे, आणि पेशवे पार्कातील प्राणीही यथावकाश तेथेच गेले. पिंजऱ्याची सिमेंटची जमीन सोडून माती, झाडे आणि खंदक यांच्याकडे झालेला हा प्रवास एका शहराच्या सद्‌सद्विवेकबुद्धीचा प्रवास आहे, आणि तो घराघरांतल्या पेट्यांपर्यंत अजून पोहोचावयाचा आहे.

कायदाही येथे थोडा अपुरा पडतो. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या अकराव्या कलमात, पिंजऱ्याची उंची, लांबी आणि रुंदी प्राण्याला हालचाल करता येईल इतकी नसेल तर तो अपराध ठरवला आहे. तीन मापे सांगितली. तळाचा उल्लेख त्या वाक्यात नाही. चालणाऱ्या जनावराच्या हिशेबाने ती तीन मापे पुरेशी वाटली असतील. परंतु सरपटणाऱ्याला उंचीपेक्षा तळ अधिक मोलाचा, आणि घनफूट मोजून त्याचे समाधान होत नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. कोणी म्हणेल, बंदिखान्यात गालिचा अंथरला म्हणून बंदी सुटत नाही; मग या मातीच्या चिकित्सेने तुम्ही मूळ अन्यायावर पांघरूणच घालत नाही काय? आक्षेपाचा पूर्वार्ध मला मान्य आहे. केवळ हौसेसाठी, रंगासाठी, मित्रांना दाखवण्यासाठी सरपटणारा प्राणी विकत आणणे हे मला धर्मदृष्ट्या समर्थनीय वाटत नाही, आणि त्या तरुणालाही मी ते स्पष्ट सांगितले. पण उत्तरार्ध मान्य नाही, कारण प्राणी एकदा आपल्या ताब्यात आला म्हणजे त्याला सोडून देणे हा नेहमीच मोक्ष नसतो. आफ्रिकेतला अजगर वेताळ टेकडीवर सोडणे म्हणजे एक तर त्याला मारणे, नाही तर टेकडीवरच्या जीवांवर संकट आणणे. मत्स्यालयांच्या दुकानांतून रुपयासारखी लहान असताना घेतलेली, डोळ्यांमागे तांबडा पट्टा असलेली अमेरिकेतली कासवे मोठी झाली म्हणजे पुण्य म्हणून नदीत, तळ्यात सोडली जातात; जगातील सर्वांत उपद्रवी परक्या जातींच्या शंभरांच्या यादीत त्या जातीचे नाव आहे, आणि ती आपल्या पाण्यातल्या देशी कासवांची ऊन खाण्याची जागा व अन्न बळकावतात. तारांकित कासव असेल तर ते वनखात्याच्या स्वाधीन करावे. परदेशी अजगर असेल तर तो बंदिवासात वीसतीस वर्षे जगतो, आणि तेवढी वर्षे त्याच्या पोटाखाली योग्य जमीन राखण्याचा जिम्मा पाळणाऱ्याचा आहे, मग तो नोकरीनिमित्त परदेशी गेला, त्याचे लग्न झाले वा घर बदलले तरी. शहरातून दर वर्षी इतकी मुले परगावी, परदेशी जातात, की मागे राहिलेल्या पेटीची तजवीज कोणी करावयाची हे आधीच घरात बसून ठरवून ठेवलेले बरे.

तेवढ्या वर्षांच्या सेवेने मूळ दोष फिटतो काय, हा प्रश्न त्या तरुणाने मला विचारला, आणि तो विचारण्याइतका तो गंभीर आहे याचे मला समाधान वाटले. धर्मशास्त्रात या प्रकारच्या प्रश्नावर जुना मतभेद आहे, आणि महामहोपाध्याय काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा जो चौथा खंड भांडारकर संस्थेने १९५३ साली काढला, त्यात प्रायश्चित्ताच्या प्रकरणात तो तपशिलाने मांडलेला आहे. अजाणता घडलेल्या पापालाच प्रायश्चित्त आहे असे काही म्हणतात, जाणून केलेल्यालाही आहे असे दुसरे म्हणतात, याची नोंद मनुस्मृतीत आहे. याज्ञवल्क्याच्या मते मात्र अजाणता केलेले पाप प्रायश्चित्ताने नाहीसे होते, आणि जाणून केलेल्याच्या बाबतीत कर्ता समाजात वावरण्यास योग्य होतो एवढेच. दुकानातून दाम मोजून आणलेल्या अजगराच्या बाबतीत मला याज्ञवल्क्याचे म्हणणे रास्त वाटते: उत्तम तळ, बेताची ओल, एका बाजूला ऊब आणि दुसऱ्या बाजूला गारवा, हे सारे वीस वर्षे चुकल्यावाचून दिले तरी आणण्याचा दोष पुसला जात नाही, देणाऱ्याला त्या जीवासमोर उभे राहण्याची योग्यता तेवढी येते. जाहिरातीला भुलून किंवा लहानपणी कोणी भेट म्हणून हातात ठेवला म्हणून ज्याच्याकडे असा प्राणी आला, त्याचा दोष या सेवेने फिटतो असे मी मानतो. आणि जखमी किंवा टाकून दिलेला जीव वनखात्याला कळवून, त्याच्या परवानगीने जो सांभाळतो, त्याच्याकडे मुळात दोषच येत नाही, त्याच्याकडे येते ती फक्त रोज सकाळी माती तपासण्याची जबाबदारी.